माडीच्या फटींत चिपाडं

उन्हाळ्यात आमच्या गावाकडच्या माडीवर पावडरचा डबा जपून उघडावा लागतो. चिमूटभर सांडली तरी ती खाली सोप्यात बसलेल्या माणसाच्या टकलावर पडते. टाचणी हरवली तर माडीवर शोधायची नाही, सरळ जिना उतरून खाली बघायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझं मंगळसूत्र तुटलं, तेव्हा त्यातले काही मणी खाली जेवत बसलेल्या थोरल्या दिरांच्या आमटीत सापडले. त्यांनी ते बोटानं काढून ताटाच्या कडेला मांडून ठेवले. मंगळसूत्र कसं तुटलं असं मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, कारण ते खिडकीच्या कडीत अडकून तुटलं होतं. पण न विचारता सगळ्यांनी जे काय समजायचं ते समजून घेतलं, आणि मी दोन दिवस घूंघट घेतल्यासारखी पदर ओढून वावरले.

घर पलूसजवळच्या एका गावात आहे. खाली दगडी सोपा, वर लाकडी माडी, आणि माडीची जमीन म्हणजेच सोप्याचं छत. तुळयांवर नुसत्या फळ्या ठोकलेल्या. माझ्या आजेसासऱ्यांनी त्या ऐन पावसाळ्यात, वखारीतून आणल्या आणल्या ओल्याच ठोकून घेतल्या. तेव्हा म्हणे त्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की मधून दोरा जात नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड वाळलं, आकसलं, आणि दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट पडली. तेव्हापासून दरवर्षी तेच चाललंय. पावसात फळ्या फुगतात आणि फटी मिटतात, उन्हाळ्यात परत उघडतात. आमच्याकडे लग्नं मात्र सगळी उन्हाळ्यातच होतात.

मी कवठे महांकाळकडची. आमचे लोक मेंढरं राखणारे. आमचं घर बुटकं, एका मजल्याचं. जिना चढून झोपायला जायचं हेच मला नवीन होतं. नवरा फौजेत. लग्न झालं ते त्याच्या रजेत, आणि रजा संपेपर्यंत आम्हाला माडी दिलेली. खाली सोप्यात सासरे, दीर, आलागेला पाहुणा, सगळे ओळीनं झोपलेले. वर चादर झटकली तरी खाली कोणी तरी खोकायचं. कांकणं वाजली तरी कोणी तरी कूस बदलायचं. मला वाटायचं, या घरात मला राहायला जागा दिलेली नाही, मीच सगळ्यांना दिसेन अशी मांडून ठेवलेली आहे. ती लाज अजून अंगावरून गेलेली नाही. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी त्या जिन्याची पहिली पायरी चढताना माझे कान गरम होतात.

आता मुलाचं लग्न ठरलं. आम्ही राहतो साताऱ्याला, मुलगा पुण्यात नोकरी करतो, होणारी सूनही साताऱ्याचीच, सिमेंटच्या घरात वाढलेली. पण लग्नानंतर जोडीनं गावी यायचं, गोंधळ घालायचा, पूजा करायची आणि चार दिवस राहायचं, ही आमच्या घरची रीत. राहायचं म्हणजे माडीवरच. खाली दोन्ही दीर, जावा, नणंद, त्यांची पोरंबाळं, आणि सासूबाई. मला बाकी कसलीच हौस नव्हती. मानपान कमी झाला, पंगतीत बुंदी संपली, तरी चालणार होतं. मला एवढंच हवं होतं की त्या पोरीनं या घरातले पहिले दिवस मान वर करून काढावेत. त्यासाठी फटी बुजायला हव्या होत्या.

पण हे सांगायचं कोणाला? लग्नाच्या आधी मी आणि हे, म्हणजे माझा नवरा, घर झाडून रंगवून घ्यायला गावी गेलो, तेव्हा मी गावातल्या सुताराला बोलावलं. तो माडीवर उकिडवा बसला, फटीत नख घालून बघितलं आणि म्हणाला, "वैनी, आता कशाला हात लावताय? पाऊस पडला की आपसूक मिटत्यात. आता गच्च भरलं आनि मागनं फळी फुगली, तर फळी वर उचलंल."

"पण धूळ पडते हो खाली," मी म्हणाले.

"मग खाली प्लास्टिकचा कागद मारा."

प्लास्टिकच्या कागदानं धूळ अडते, आवाज कसा अडणार? पण ते मी त्या बापयापुढे बोलू शकत नव्हते. मी नुसतीच "बरं" म्हणाले. त्याच्याकडेही लग्नसराईच्या कपाटांची गर्दी होती, तो निघून गेला.

मग राहिले आमचे हे. यांना फौजेतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण घरात काही मोडलं की यांच्या अंगात अजून पलटण येते. "फिकर नॉट," हे म्हणाले. "आपण करू. पण तुला एकदम धुळीचं काय पडलंय? एवढी वर्षं पडतीय ती."

"तुम्हाला करायचंय की नाही?" मी विचारलं.

एवढ्या वर्षांच्या संसारात यांना कळू नये की बायको फटींकडे का बघत बसलीय! मला राग आला, आणि त्या रागाचीही लाज वाटली. मीच कधी सांगितलं नव्हतं, तर यांना कळणार कुठून?

यांनी विचार केला तो मात्र अक्कल लावून केला. नुसता लाकडाचा भुसा आणि गोंद भरला तर तो दगडासारखा होतो आणि तडकतो. फटीत असं काहीतरी हवं जे दाबलं तर दबेल आणि सोडलं तर फुगेल. म्हणजे पावसाळ्यात फळी फुगली तरी तिला जागा राहील. असा विचार करत हे स्टँडवर रसवंतीत रस प्यायला गेले, आणि तिथं यांना समोर ढीग दिसला. उसाची चिपाडं. रस काढून झाल्यावर उरलेला चोथा. हे पोतं भरून घेऊन आले आणि माझ्यापुढे मूठभर चिपाड दाबून, सोडून दाखवलं.

"बघ, स्प्रिंग हाय स्प्रिंग!"

चिपाडं अंगणात वाळत घातली. यांचं म्हणणं पडलं की आधी उकळून घेऊ, दोन पाण्यांतून काढू. मी नको म्हणाले. पाहुणे यायला लागले असते, चुलाणं मांडून चिपाडं कशाला उकळताय असं कोणी विचारलं असतं, आणि मला परत धुळीचं कारण सांगावं लागलं असतं. "वाळलीत की चांगली," मी म्हणाले, "कुटा आणि भरा." यांनी कुटली, मी चाळली. पांढऱ्या गोंदात कालवून आम्ही दोघांनी गुडघे टेकून माडीभर ती भरली. उलथन्यानं दाबायचं, वरून ओल्या फडक्यानं पुसायचं. काम झाल्यावर मी खाली सोप्यात जाऊन उभी राहिले आणि वर बघितलं. एकही उजेडाची रेघ दिसली नाही. मी यांना वरून बोलायला सांगितलं. यांनी वर काहीतरी म्हटलं आणि मला खाली फक्त घुमल्यासारखं ऐकू आलं. मी इतकी खूश झाले की सोप्यात एकटीच हसले.

उसाच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसानं आणि त्याच्या घरात इतकी वर्षं नांदलेल्या बाईनं ऊस गोड असतो हे विसरावं, याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

लग्न झालं. जोडी गावी आली, गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात सगळे चहाला बसले होते. सासूबाई खांबाला टेकून, दीर वर्तमानपत्र वाटून घेऊन, नणंद बशीत चहा ओतत. हे बाहेरच्या ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. सून जिना उतरून आली. भर मे महिन्यात तिनं ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळली होती. चहाचा कप घ्यायला वाकली, ओढणी सरकली, आणि मानेवर, गळ्यावर, कानामागे लाल लाल गांधी दिसल्या.

नणंदेनं बशी खाली ठेवली. "काय गं बाय, माडीवर डास लय हायत वाटतं?"

जावा पदर तोंडाला लावून हसल्या.

"डास नाहीत आत्या," पोरगी साधेपणानं म्हणाली. "मुंग्या चावल्या."

झालं. सोपा नुसता फुटला. "मुंग्या व्हय! मुंग्याच गं त्या!" धाकटे दीर वर्तमानपत्राच्या आड खांदे उडवून हसायला लागले. कोणी तरी म्हणालं, आमच्या वेळेला बी असल्याच मुंग्या हुत्या. पोरगी लालेलाल झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं कप तसाच ठेवून जिन्याकडे बघितलं, पण वर जावं तर लोक आणखी हसणार, म्हणून गेलीही नाही. ती तिथंच उभी राहिली.

तिचं ते उभं राहणं मी ओळखलं. मी दोन दोन पायऱ्या टाकत माडीवर गेले. फळ्यांमधली प्रत्येक फट लाल झाली होती. कुंकवाच्या रेघा ओढाव्यात तशा लाल मुंग्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या होत्या. गाद्या जमिनीवरच घातलेल्या. मुलगा खिडकीच्या कठड्यावर पाय वर घेऊन बसला होता, त्याचेही हात सुजलेले.

"अरे, हाक का नाही मारली?" मी विचारलं.

"खाली सगळे होते ना, आई," तो म्हणाला. "मी तिला म्हटलं, हलू नको, आवाज जातो."

ज्या पोरीला मी लाजेपासून वाचवायला निघाले होते, तिला मी मुंग्यांच्या वारुळावर झोपवलं होतं, आणि माझ्याच मुलानं तिला तिथं गप्प पडून राहायला सांगितलं होतं. त्याला ते कोणी शिकवलं होतं? आमच्याकडे बघत लहानाचा मोठा होताना त्यानं दुसरं पाहिलंच काय होतं!

खाली अजून हसणं चालू होतं. मी जिना उतरले. खरं सांगते, मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. दुपारपर्यंत थट्टा संपली असती, नव्या नवरीची थट्टा होतेच. पण ती पोरगी अजून तशीच उभी होती.

"मुंग्याच चावल्यात तिला," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "मी फटींत उसाची चिपाडं भरलीत. माडीभर मुंग्या झाल्यात. जाऊन बघा पाहिजे तर."

हसणं थांबलं. नणंदेनं कपाळाला आठी घातली. "चिपाडं? फटींत? कशापायी गं?"

धूळ म्हणून सांगायचं ओठांवर आलं होतं. पण मग पोरीची थट्टा तशीच राहिली असती, आणि उद्या परत कोणी तरी सगळ्या फटींना कान लावून झोपलं असतं.

"खाली सगळं ऐकू येतं म्हणून," मी म्हणाले.

दिरांसमोर, सासूबाईंसमोर, ओट्यावरच्या यांच्यासमोर. थोरल्या दिरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि परत तेच पान उलटलं. मला वाटलं, आता जमिनीला एखादी फट पडावी आणि आपण तिच्यात जावं. आमच्या घरात बाई असलं बोलत नाही. मी तर कधीच नाही.

तेव्हा सासूबाई बोलल्या. नव्वदीच्या आसपासच्या, पण आवाज खणखणीत. "काय ऐकू येतंय? मी जल्मभर हितं झोपली. मला तर कदी काय बी ऐकू आलं न्हाई." असं म्हणून त्यांनी चहाचा कप पुढे केला. "आनि थोडा घाल गं. आनि तुमी समदे काय बघत बसलाय? जावा, पोरीला खोबरेल द्या लावायला."

सगळे उठले. मी सासूबाईंच्या पाया पडावं की काय असं मला झालं, पण तेही मी केलं नाही, नुसता चहा ओतला.

मग आम्ही माडी रिकामी केली. गाद्या उन्हात टाकल्या. हे बादली आणि खरवडायला जुनं उलथनं घेऊन आले. मी आणि सून फटींवर गरम पाणी ओतून भिजलेली चिपाडं काढत होतो. मी तिला नको म्हणत होते, पण ती ऐकेना. पाणी खाली सोप्यात टपटप गळत होतं. तेवढ्यात जिन्याच्या खालून सासूबाईंची हाक आली.

"अगं, चिपाडं कशाला भरायची? ओली पोती टाकायची चार दिस. फळ्या फुगून आपसूक मिटत्यात. मी टाकत हुते की, ह्यो रजेवर यायच्या आदी!"

मी उलथनं खाली ठेवलं. ती ओली पोती मला आठवत होती. यांची तार यायची, आणि सासूबाई गोठ्यातली पोती भिजवून ओझं करून माडीवर न्यायच्या. मला वाटायचं, लेक येणार म्हणून गारव्याची सोय चाललीय; फटी मिटल्यात का हे मी कधी वाकून बघितलंही नाही. मी मनात म्हणायचेही, लेकासाठी केवढं चाललंय, सुनेला कधी पाणी तरी विचारतात का! जन्मभर काही ऐकू न आलेल्या बाईनं फटी मिटवायला पोती का टाकली असती? आणि त्या बाईला मी इतकी वर्षं काय काय म्हणत आले होते, ते मी इथं लिहू शकत नाही.

सून फटीतून बोट फिरवत होती. मानेवर खोबरेल चमकत होतं. मी तिला म्हणाले, "माझं चुकलं गं. मला तुला जपायचं होतं."

"मला कळलं ते," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण आई, तुम्ही काय केलंत मग? इतकी वर्षं?"

"काय करणार? बोलायचोच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. वर आलं की बोलायचं नाही. दिवसभर खाली माणसं, तिथं कसं बोलणार? आणि वर आलं की फटी. यांची रजा संपायची, हे परत सीमेवर जायचे. मला म्हणायचं असायचं की आणखी दोन दिवस राहा. म्हणायचं असायचं की मला इथं करमत नाही. तुझा नवरा पोटात होता तेव्हाही मी यांना तोंडानं सांगितलं नाही. यांना ते दुसऱ्या कोणाकडून कळलं. मग आम्ही साताऱ्याला गेलो. तिथं खाली सिमेंट, वर सिमेंट, ऐकायला कोणी नाही. पण तोवर सवयच गेली होती."

मी हे त्या पोरीला सांगत होते, फळीकडे बघून. आत्ताच आलेल्या पोरीला असलं सांगावं का, हे कळायच्या आत सांगून झालं होतं. वर बघितलं तर हे जिन्याच्या तोंडाशी उभे. हातात पाण्याची दुसरी बादली. अर्ध्या गालाला अजून दाढीचा साबण होता, धुवायचा राहिलेला. किती वेळ उभे होते कोण जाणे.

यांनी बादली खाली ठेवली. "मला वाटलं," हे म्हणाले, "तुला माझ्याशी बोलायला आवडत न्हाई."

सून हळूच उठली आणि गाद्या बघून येते म्हणून खाली गेली.

मला मान वर करता येईना. यांना एवढी वर्षं असं वाटत होतं. रजा संपवून जाताना, गाडीत बसताना, कुठल्या तरी बर्फात पहारा देताना, हेच मनात धरून हे राहिले होते, आणि मी मात्र दिरांनी काय ऐकलं आणि पाहुण्यांनी काय ऐकलं याच्याच काळजीत जन्म घालवला होता. त्या लाजेपुढे सकाळची लाज काहीच नव्हती.

हे माझ्यासमोर ओल्या फळीवर मांडी घालून बसले. फटी आता सगळ्या मोकळ्या झाल्या होत्या. खाली नणंद भाजी निवडत कोणाशी तरी बोलत होती, तिचा शब्द न् शब्द वर येत होता.

"मग बोल की आता," हे म्हणाले. आवाज जराही खाली न आणता, खाली सगळ्यांना जाईल असं.

मी तोंड उघडलं. बोलण्यासारखं एवढं होतं, आणि मला एक शब्दही सुचला नाही.